टॉवेलच्या कापडातलं पोहणं

आमच्या सोलापुरात तेव्हा बायकांची पोहायची वेळ भर दुपारची होती. सकाळ पुरुषांची, संध्याकाळही पुरुषांची, आणि कठड्यावर अनवाणी पाय टेकला तर तळवा भाजेल, ती वेळ आमची. मे महिन्यात त्या वेळेला रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. आम्ही मुली मात्र डोक्यावर ओले पंचे टाकून तलावाकडे निघायचो. वर ऐकून घ्यायचो, की बघा, तुमच्यासाठी खास वेळ राखून ठेवली आहे.

दुष्काळात तो तलाव कोरडा पडला होता. पुढे पाऊस झाला, पाणी आलं, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलींसाठी पोहण्याचा वर्ग निघणार अशी बातमी शाळेत आली. मी सातवीची परीक्षा दिली होती. माझा थोरला भाऊ कुंभारीला नातेवाइकांच्या विहिरीत कधीच पोहायला शिकला होता. त्याच्या पाठीला रिकामा डबा बांधून त्याला वरून ढकलून दिलं आणि संध्याकाळी तो जेवताना फुशारक्या मारत होता. तो अंगात काय घालून पोहला हे त्याला घरात कुणीही विचारलं नाही. घातलंच नव्हतं फारसं काही.

मी विचारलं तेव्हा अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, पहिलाच प्रश्न होता, "घालणार काय अंगात?"

हा प्रश्न एकट्या आमच्याच घरात विचारला गेला नाही. गल्लीतल्या ज्या ज्या मुलीने वर्गाचं नाव काढलं तिच्या घरात हेच झालं. दुकानात मुलींसाठी पोहण्याचे कपडे मिळत नव्हते, आणि एका बाईने मुंबईहून आणलेला जो एक होता तो बघून सगळ्या आयांनी एकदम तोंडाला पदर लावला. वर्ग निघण्याआधीच बंद पडायची चिन्हं दिसायला लागली. तेव्हा अप्पांनी तो वाचवला. हे मला सांगायलाच पाहिजे, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरंच वाईट लिहिणार आहे.

आमच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रमाग होते आणि त्यांवर टॉवेल निघायचे. दिवसभर त्यांचा खडखडाट चालायचा, इतका की आमच्या घरात सगळेच जरा मोठ्याने बोलायचे, कानडीत आणि मराठीतही. अप्पांना आपल्या मालाचा भारी अभिमान. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याच्या हातात टॉवेल. तर अप्पा म्हणाले, "बाजारात कशाला जायचं? आपल्या घरात कापडाला तोटा हाय व्हय? टॉवेलचंच शिवा की. पाणी टिपून घेतंय, अंगाला चिकटत न्हाय. पोहायला ह्याच्यापेक्षा चांगलं काय पायजे?"

टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या आमच्याच शिंप्याला बसवून त्यांनी वर्गातल्या सगळ्या मुलींचे पोशाख शिवून घेतले आणि फुकट वाटले. मनगटापर्यंत बाह्या, घोट्यापर्यंत पाय, गळा बंद, पाठीवर नाडी. रंग लाल. आया खूश झाल्या. अप्पांच्या दिलदारपणाचं गल्लीभर कौतुक झालं. टॉवेल पाण्यात बुडवला की तो किती जड होतो, हे रोज टॉवेल विणणाऱ्या, विकणाऱ्या आणि पिळणाऱ्या त्या एवढ्या माणसांतल्या एकालाही आठवलं नाही. अंग झाकलं जातंय ना, एवढंच सगळ्यांनी बघितलं.

शिकवायला एक बाई होत्या. मुलींच्या शाळेत कवायत घ्यायच्या, पुण्याकडच्या होत्या, आवाज खणखणीत. पहिल्या दिवशी आम्हाला त्या वेशात रांगेत उभं बघून त्या म्हणाल्या, "हे काय घातलंय? पाणी पिऊन हे तुम्हालाच खाली ओढेल. उद्यापासून साधे सुती झगे घालून या."

माझी आत्या कट्ट्यावर छत्री उघडून बसली होती. लहान वयात विधवा होऊन ती आमच्याकडेच राहायला आली होती, आणि घरातल्या मुलींवर नजर ठेवणं हे काम तिने आपणहून अंगावर घेतलं होतं. ती तिथूनच म्हणाली, "हेच घालणार असतील तर येतील पोरी. न्हायतर आजच घरला नेते सगळ्यांना."

बाईंनी मग तेच पोशाख चालवून घेतले. मुली कमी झाल्या असत्या तर दुपारची ती वेळसुद्धा पुरुषांना देऊन टाकायला माणसं टपलेली होती. तेव्हा मला बाईंचा राग आला. आज येत नाही.

सुरुवातीला पाणी नव्हतंच. कट्ट्यावर गोणपाट टाकून आम्ही ओळीने पालथ्या पडायचो आणि हवेत हातपाय मारायचो. बाई मधून फिरत, कुणाचं ढोपर सरळ कर, कुणाची हनुवटी उचल. खालून दगड भाजत होता, वरून ऊन. तलावावरचा म्हातारा वॉचमन दाराशी पाठ करून बसलेला असायचा, तेवढी अट आत्याने त्याला घातली होती. मग एकदाच्या पाठीला डबे बांधून आम्ही पाण्यात उतरलो आणि सगळ्यांच्या कपड्यांचा रंग सुटला. तलाव कुंकू कालवल्यासारखा झाला. संध्याकाळी पुरुषांनी तक्रार केली म्हणे. आम्ही मुली हसून हसून बेजार झालो. त्या सुट्टीत मनापासून हसल्याची मला एवढी एकच आठवण आहे.

डबा होता तोवर पोशाखाचं वजन कळायचं नाही. डबा सोडला की मात्र एकेक मुलगी हात मारून मारून थकायची आणि दोर धरायची. बाह्यांत पाणी भरायचं, पायांत भरायचं, जणू खालून कुणीतरी धरून ओढतंय. घरी येऊन मी अप्पांना सरळ सांगितलं, की कापड जड होतं, पोहता येत नाही.

अप्पा जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला. "आपल्या मालाला नावं ठेवायलीस? सगळ्या गावात खपतंय हे कापड. दोष कापडात न्हाय, तुझ्या हातात हाय."

मग अव्वानेही, म्हणजे आईनेही, मला डोळ्यांनीच गप्प केलं. अप्पांनी मात्र विषय सोडला नाही. म्हणाले, "असं कर. वर्ग संपायच्या दिवशी तलाव आडवा पार करून दाखव. केलास तर पुढच्या सुट्टीत परत जायचं, मी काय बोलणार न्हाय. न्हाय झालं तर पोहण्याचं नाव काढायचं न्हाय."

मी हो म्हटलं. कबूल करताना ते हसत होते. मला मात्र दुसरं काही सुचेनासं झालं. घरात मी सतत कुणाच्या तरी हाताखाली असायची, भाकरीला, धुण्याला, धाकट्या भावाला सांभाळायला. पाण्यात कान बुडले की मागांचा खडखडाट, आत्याचा आवाज, सगळं बंद. तेवढ्यासाठी मला पुढची सुट्टी पाहिजे होती, आणि त्याच्या पुढचीही.

मधे एकदा आत्याला ताप आला आणि ती आली नाही. बाईंनी मला बाजूला घेतलं. "आज काढ ते सोंग," म्हणाल्या. मी आतल्या पेटीकोटवर उतरले आणि मला काय वाटलं ते मला अजून नीट लिहिता येत नाही. मी पाण्यावर होते. हात मारला की पुढे जात होते. अर्ध्यापर्यंत जाऊन सहज परत आले. दोष माझ्या हातात नाही, हे त्या दिवशी कळलं. त्यानंतर तो लाल पोशाख अंगावर चढवताना मला रडू यायचं, रागाने.

शेवटचा दिवस आला. बाकीच्या मुलींनी आधीच दोराच्या आधाराने पलीकडे जायचं ठरवलं होतं. त्यांच्या घरी कुणी पैज लावलेली नव्हती. मी एकटी बिनदोराची निघाले. आत्या छत्रीखाली बसून बघत होती, कारण निकाल तिनेच घरी नेऊन सांगायचा होता.

मध्यावर जाईपर्यंत माझे हात भरून आले. पाणी नाकात गेलं. बाई कठड्यावरून ओरडत होत्या, पाय मार, पाय मार, आणि पाय तर त्या कापडात बांधल्यासारखे झाले होते. परत फिरले तर सगळं संपलं हे मला दिसत होतं. मी श्वास घेतला, पाण्याखाली गेले, पाठीवरची नाडी ओढली आणि त्या कापडातून बाहेर सरकले. बाह्या सुटायला वेळ लागला. पण सुटल्या. मग मी पाण्याखालूनच हात मारत सुटले, वर आले ते बरंच पुढे, आणि थांबले नाही.

मागे काय झालं ते मला नंतर कळलं. लाल पोशाख हातपाय पसरून पाण्यावर आला आणि हळूहळू खाली जायला लागला. आत्याला वाटलं मीच. तिने अशी किंकाळी फोडली, की मी पाण्यातही ऐकली. "बुडाली, बुडाली! अरे कुणीतरी या की!" बाईंनी उडी मारली ती त्या कापडाकडे. दोराला धरलेल्या मुली त्या कापडाकडे बघून रडायला लागल्या. दाराशी पाठ करून बसलेला म्हातारा वॉचमन बांबू घेऊन धावत आत आला.

आणि मी पलीकडच्या कठड्याला हात लावला. धापा टाकत मागे वळले. सगळ्यांची तोंडं दुसरीकडे होती. तलाव आडवा पार करून मी तिथे उभी होते आणि सगळी माणसं एका ओल्या टॉवेलला वाचवत होती.

"मी इकडे आहे," असं मला मोठ्याने म्हणावं लागलं. तेव्हा सगळ्यांनी वळून बघितलं, आणि बघितलं ते काय, तर पेटीकोट. आत्या तलावाला वळसा घालून आली, तिने आपला पदर माझ्या अंगावर टाकला आणि तिथेच माझ्या थोबाडीत दोन मारल्या. मी जिवंत असल्याचा आनंद तिला झाला असेल. दिसला नाही.

घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. अप्पा शेडमधून बाहेर आले. मी म्हटलं, "अप्पा, मी पार केला." त्यांनी आत्याला विचारलं, "कुणी कुणी बघितलं?" मी परत म्हटलं, "पार केला मी, आडवा." अव्वा मला आत ओढत म्हणाली, "वॉचमननं बघितलं का गं?" एवढाच प्रश्न त्या संध्याकाळी घरभर फिरत होता. त्या बिचाऱ्याला आत बोलावणारी आत्याच होती, हे म्हणायची सोय नव्हती. रात्री जेवताना अप्पांनी निकाल सांगितला. "तुला पाणी मानवत न्हाय. बुडता बुडता वाचलीस. आता पुरे."

मग तेच खरं झालं. आमच्या घरात माझी ओळख ती बुडता बुडता वाचलेली मुलगी. लग्न ठरताना पाहुण्यांनाही हसत हसत हेच सांगितलं गेलं. भाऊ अजून नातवंडांना सांगतो, आजी पाण्याला भिते. मी दुरुस्त करायला गेले की सगळे आणखी हसतात.

अप्पांना मी मनातल्या मनात एक सूट देऊन ठेवली होती. ते तिथे नव्हते. पैज मी जिंकले हे माझं म्हणणं त्यांना खरं वाटलंच नसेल, आत्याने सांगितलं तेच त्यांनी खरं धरलं असेल. बिचारे काय करणार? या एका आधारावर मी त्यांची लेक म्हणून येत जात राहिले, त्यांच्या आजारपणात उशाशी बसले.

शेवटच्या आजारपणात एका दुपारी दोघंच होतो, म्हणून मी म्हटलं, "अप्पा, त्या दिवशी मी खरंच तलाव पार केला होता."

"ठाऊक हाय की," अप्पा म्हणाले. "वॉचमन आलता त्याच सांजच्याला. म्हणला, मालक, पोरगी लई बेस पवती, आत धावताना बघितलं म्या, पल्याडच्या कठड्याला हात लावला तिनं."

मी मग विचारलं, "मग मला परत का नाही पाठवलं?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी काहीतरी बिनडोक विचारलं. "पवायला आलं की तुला. मग परत कशाला जायचं?" आणि डोळे मिटून म्हणाले, "उशी जरा वर घे."

मी उशी वर घेतली, पाण्याचा पेला जवळ ठेवला आणि बाहेर ओसरीवर जाऊन बसले. त्या दुपारी त्यांचा जेवढा राग आला तेवढा लहानपणीही आला नव्हता. पुढे ते गेले, दिवस झाले, फोटोला हार घातला. राग गेला नाही.