बारा बावीसचं लग्न

"मॅडम, तुमच्यापायी माह्या घरावर मुहूर्त पाह्यल्याचा ठपका आला."

फोनवर दुसरबीडचे भीमराव होते. हमरस्त्याला त्यांचं पंक्चरचं दुकान आहे. त्यांची मुलगी प्रज्ञा बी.एस्सी. करताना आमच्या वेधशाळेत स्वयंसेवक होती. तिचं लग्न आठवड्यावर आलं होतं.

मी लोणारजवळच्या एका छोट्या वेधशाळेत आउटरीच बघते. म्हणजे दुर्बीण घेऊन गावोगाव फिरायचं, आकाशातलं लोकांना समजेल असं सांगायचं, आणि शेवटी "मॅडम, पोरीला मंगळ आहे, काय करू?" या प्रश्नावर डोकं शांत ठेवायचं. हे तिसरं काम सगळ्यात अवघड.

भानगड अशी झाली होती. प्रज्ञानं पत्रिकेत लग्नाची वेळ छापली, दुपारी १२ वाजून २२ मिनिटं. ती वेळ मीच तिला काढून दिली होती, पण शून्य सावलीची. आपल्याला वाटतं, रोज दुपारी सावली पायाखाली जाते. तसं होत नाही. भर दुपारीसुद्धा सूर्य थोडा दक्षिणेला नाहीतर उत्तरेला कललेला असतो. आपल्या जिल्ह्यात तो वर्षातून दोनच दिवस बरोबर डोक्यावर येतो. एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलैत, पण जुलैत ढगांपुढे आमचं काही चालत नाही. त्या क्षणी सरळ उभ्या काठीची सावली दिसेनाशी होते. घड्याळात तेव्हा बरोबर बारा नसतात, कारण घड्याळ अख्ख्या देशाला एकच, आणि आपल्याकडे सूर्य जरा उशिरा माथ्यावर येतो. प्रज्ञाला मेमधल्या त्याच दिवशी, नेमके त्याच क्षणी हार घालायचे होते. हौस, दुसरं काय.

पण बौद्ध घरात मुहूर्त बघत नाहीत. सोयीची वेळ धरतात, साडेबारा नाहीतर एक. बारा बावीस असली अडनिडी वेळ पंचांगातूनच निघते, हे शेंबडं पोरही सांगेल. भीमरावांचे मोठे भाऊ यशवंतबाबा पत्रिका वाचून ताडकन उठले. ज्या घरातून बापानं पंचांग बाहेर फेकलं त्याच घरात आता मुहूर्त? मांडवात पाय ठेवणार नाही, म्हणाले.

"मी येते काका. सगळ्यांना समजावून सांगते."

"सांगून नाही होत मॅडम. भाऊ ऐकणारा माणूस नाही, त्याले दाखवा लागते." मग आवाज खाली आला. "त्यानं मले खांद्यावर घेऊन शाळेत नेलं. तो बाहेर बसला तं मी कोन्त्या तोंडानं पोरीचं लग्न लावू?"

मी गाडी मागायला डायरेक्टर सरांकडे गेले.

"कुठं निघालात?"

"लग्नाला. ऑन ड्यूटी."

सगळं ऐकून ते हसले. "आपण मुहूर्त कधीपासून काढायला लागलो?"

मला काही हसू आलं नाही. भीमरावांचा आवाज कानात होता.

लग्नाच्या दिवशी मांडव गच्च भरला होता. यशवंतबाबा समोरच्या कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते, हातात काठी, मांडवाकडे पाठ. आता या मंडळींना उन्हात कसं काढायचं? मे महिन्यात कुलर सोडून सावली बघायला कोण उठतं! त्यात रोहिणखेडचं वऱ्हाड अजून फाट्यावर, डीजेपुढं नाचण्यात दंग.

प्रज्ञाचा चेहरा उतरला. "मॅडम, ते काही टायमावर पोचत नाहीत."

"सूर्याला थांब म्हणू का?"

ती रडवेलं हसली. मग पांढऱ्या साडीचा पदर सावरत उठली. "मंग काठी तरी पाहू. हार मागून घालू." नवरीच उन्हात चालली म्हटल्यावर अख्खा मांडव तिच्यामागे निघाला.

मी बाबांपुढे उभी राहिले. "बाबा, काठी देता?"

"काऊन?"

"सावली दाखवायला मी पाईप आणलाय, पण त्यावर तुमचा भरवसा नाही. काठी तर तुमचीच आहे."

त्यांनी काठी दिली नाही. स्वतःच उठून उन्हात रोवली. मी ओळंबा धरून ती सरळ करून घेतली. सावली आखडत आखडत बुडाशी गेली आणि गेलीच. बायका आपापल्या पायांकडे बघू लागल्या. "अबे, माही सावली कुठं गेली बे?" कोणीतरी म्हणालं.

बाबांनी वाकून काठीला चारी बाजूंनी निरखलं. "पंचांगात लिहेल रायते काय हे?"

"नाही बाबा. आणि याचा लग्नाशी काही संबंध नाही. ज्यांचं लग्न नाही त्यांचीही सावली गेलीच ना?"

त्यांनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मला हायसं वाटलं. तेवढ्यात एक मावशी मोठ्यानं म्हणाल्या, "अशा टायमाले लग्न लागलं तं संसारावर कधी सावली पडत नसन, नाही?"

इतका खटाटोप करून मी नवाच मुहूर्त जन्माला घातला होता.

बाबांनी मावशींकडे पाहिलं, मग फाट्याकडे. "वऱ्हाड येऊन राह्यलं न? येऊ द्या आरामात. तोवर ही काठी कोणी उपटाची नाही."

वऱ्हाड आलं तेव्हा सावली पूर्वेकडं लांबली होती. बाबांनी हात टेकवून मोजली, चांगली वीतभर भरली. मग काठी उपटली, मांडवात सगळ्यांच्या आधी शिरले आणि माईक हातात घेतला.

"सावली पडली हाय. आता लावा लग्न. अन् अजून कोणाले मुहूर्त वाटत असन, तं त्यानं बाहेर जाऊन आपली सावली पाहावी."

भीमराव तोंड फिरवून डोळे पुसत होते.

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "वेळेवर झालं का सगळं?"

"कार्यक्रम वेळेवर झाला सर. लग्न उशिरा लागलं, म्हणून निभावलं."

शून्य सावलीची वेळ मी अजूनही कोणालाही सांगते. फक्त आधी विचारून घेते, घरात लग्न आहे का.