स्तंभावर न चढलेलं नाव

माझं अक्षर चांगलं. या एका गुणापायी गावातलं प्रत्येक किचकट काम आयुष्यभर माझ्या गळ्यात पडत आलं आणि मीही ते मिरवत आलो. आंजीच्या बाजूला आमचं लहानसं गाव. तिथे ग्रामपंचायतीपुढे स्वातंत्र्यसैनिकांचा स्तंभ उभारायचं ठरलं, तेव्हा नावांची यादी करायला समितीने मलाच, निवृत्त मास्तराला, बसवलं.

वर्ध्याहून बेचाळीसच्या मोर्चात पकडलेल्यांच्या तुरुंगातल्या जुन्या नोंदींची नक्कल आली. त्यात आमच्या गावची म्हणून एकच बाई होती. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. त्या आडनावाचं घरच गावात नाही. मी चार म्हाताऱ्यांना विचारलं, चौघांनीही माना हलवल्या. नोंद चुकली असेल असं समजून मी त्या नावावर लाल रेघ ओढली. यादीत एक जागा मोकळी झाली. तिथे मी माझ्या आजोबांचं नाव घातलं. त्यांची कुठेच नोंद नव्हती. मोर्चाच्या दिवशी ते हिंगणीला सासुरवाडीत होते आणि पोलीस गेल्यावरच परतले, हे खुद्द वडिलांनी मला सांगितलेलं. पण तुमच्या घरचं नाव नसलं तर स्तंभ शोभणार नाही, असं समितीतले सगळे म्हणाले. मला ते ऐकायला गोड वाटलं.

उद्घाटनाला आठ दिवस उरले असताना आमच्या गल्लीतली काकू घरी आली. वय ऐंशी, माहेर-सासर दोन्ही गावातलंच, शाळा चौथीपर्यंत. प्लास्टिकच्या पिशवीतून तिने एक पिवळा पडलेला कागद काढला.

"मास्तर, मायचं नाव टाकलं ना? हा तिच्या सुटकेचा कागद. जलमभर पेटीत जपून ठेवला होता तिनं."

कागदावर मी खोडलेलं नाव होतं.

"काकू, पण तुमच्या आईचं नाव तर दुसरंच होतं."

"ते तांदळातलं. लग्नाले तीनच महिने झाले होते. शिपायानं नाव विचारलं, तं घाबरून माहेरचंच निघालं तोंडातून. बापाच्या नावासकट."

लग्नात ताटभर तांदळात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायचं आणि त्या दिवसापासून जुनं नाव सासरी कुणी घ्यायचं नाही. माझ्या बायकोचंही आम्ही तसंच बदललं. गावातल्या निम्म्या बायकांना दोन-दोन नावं आहेत हे मला पक्कं ठाऊक, आणि नक्कल वाचताना ते एकदाही डोक्यात आलं नाही.

"टाकलं ना?" काकूने पुन्हा विचारलं.

"हो," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे.

ती गेल्यावर मी तडक समितीच्या अध्यक्षांचं घर गाठलं. "आता काऊन उकरून राह्यले, सर?" ते म्हणाले. "मंत्र्याची तारीख भेटली, पत्रिका वाटून झाल्या." मग मी बोरगाव मेघेला दगड कोरणाऱ्याकडे गेलो. दोन पाट्या कोरून झाल्या होत्या, शेवटची बाकी होती. माझ्या जिवात जीव आला.

"जागा नाई, सर," तो म्हणाला. "खाली समितीचे नावं येते, ते पक्के आहे. वरचं एक काढा, एक टाकतो. बोला."

त्या पाटीवरच्या सैनिकांत सगळ्यात शेवटी माझे आजोबा होते.

पुण्याहून भाऊ येणार होता. आईसाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठरली होती, सासऱ्यांचं नाव बघायचं म्हणून ती बिचारी या वयात औषधं वेळेवर घेत होती. उद्या फोन करतो, असं सांगून मी परतलो. रोज फोन हातात घ्यायचो आणि खाली ठेवायचो. शेवटपर्यंत फोन काही केला नाही. असा मी भेकड.

उद्घाटनाच्या दिवशी काकूला गर्दीत पुढे जाता आलं नाही. मंडप रिकामा झाल्यावर ती स्तंभाजवळ गेली. मी तिच्या मागे उभा होतो. तिने पहिल्या नावावर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचायला लागली. एक पाटी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या पाटीवर आजोबांच्या नावापाशी ती थांबली आणि माझ्याकडे वळून तोंडभर हसली.

"हे तुह्या आजाचं ना? बरं झालं बाप्पा."

मग तिने समितीची नावं वाचली. त्यात माझंही वाचलं. पाटी संपली, खाली स्तंभाचा नुसता दगड उरला. तिचं बोट त्याच्यावरूनही थोडं फिरलं.

"काकू," मी म्हणालो, "माझं ऐका..."

"थांब रे. माह्याच नजरेतून सुटलं असन. तू टाकलं म्हणतं, म्हणजे असनच."

तिने पदराने चष्मा पुसला, बोट वर नेलं आणि पहिल्या नावापासून पुन्हा वाचायला लागली.