बस्त्यावचा नंदादीप

दुपारचं जेवण अंगावर आलंय. माळ्यावरच्या सतरंजीवर त्र्यंबकरावांचा डोळा लागतो न लागतो. कालच्या एकादशीच्या कीर्तनातल्या झांजा कानात दूर दूर जातायत आणि समोरच्या बंद रेडिओ-सेटची खरखर जवळ येतेय. सेट बस्त्यावनं घरीच बांधलेला, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. दोघा मित्रांनी म्हातारपणी परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना काढला, आणि सेट पुरा होतोय तोच बस्त्याव देवाघरी गेला. तेव्हापासून त्र्यंबकराव रोज सेटवरून हवेत हाक घालतात. ऐकायच्या दुसऱ्या रेडिओवर यांना सगळ्यांचं ऐकू येतं, पण यांना ओ कुणीच देत नाही. सेट बिघडला म्हणायचा, दुसरं काय? आज भंगारवाल्याला बोलावलंय.

"त्र्यंब्या, झोपलास की समाधी लावलीस?"

बस्त्याव शेजारीच बसलाय, बनियनवर, कानामागे टेस्टर खोचून.

"अरे, तू गेलास ना?"

"गेलो रे. पण तुझी हाक तिथवरही पोचेना, म्हणून चौकशीला आलो."

त्र्यंबकराव उठतात तर तो मारुतीच्या देवळाचा सभामंडप आहे. त्यांच्याच गळ्यात हार, हातात चिपळ्या. समोर मात्र चिटपाखरू नाही.

"श्रोते कुठायत?"

"पायरीवर ताटकळलेत बिचारे. कारवारचे, नागपूरचे, एक तर कोलंबोहून आलाय. दार लावून आत कीर्तन करतोस होय, शहाण्या?"

"मी कुठं दार लावलं?"

"हे काय!"

गाभाऱ्यात सेट आहे. त्याच्या पाठीला एक बल्ब तेवतोय. त्र्यंबकरावांचे हात आपसूक जुळतात. "तू जाताना नंदादीप लावून गेलास ना! मी बोललो की उजळतो. रोज नमस्कार करूनच बसतो मी."

बस्त्याव पोट धरधरून हसतो. "अरे माझ्या संता! सेट तपासताना एरियलच्या जागी बल्ब लावतात. तुझं सगळं बोलणं त्या दिव्यात जिरतंय, हवेत अक्षर जात नाही! काढायचा राहिला माझ्याकडून. सवडच मिळाली नाही."



"तुझ्या हातचा शेवटचा दिवा," त्र्यंबकराव म्हणतात, "काढवत नाही रे."

"म्हणून मला डब्यात कोंडणार? आपल्या हौशी रेडिओवाल्यांत रीत काय आहे? पहिल्याच बोलण्यात सेट कुणी बांधला ते सांगायचं. मग सांग की जगाला! माडावर बांधलीय ती एरियलची तार जोड आणि सांग."

त्र्यंबकराव बल्बला हात घालतात. बस्त्यावचा हात त्यांच्या हातावर येतो. एक पीळ, दुसरा पीळ. देवळाचं दार आपोआप उघडतं आणि पायरीवरचे सगळे, कानांना हेडफोन लावलेले, आत वळून बघतात.

"अहो, भंगारवाला आलाय!" खालून बायकोची हाक.

त्र्यंबकराव दचकून उठतात. माळा, सतरंजी, दुपारचं ऊन.

"परत पाठव त्याला!"

सेटचं बटण तर बंद आहे. मग त्यांना जाणवतं, आपली उजवी मूठ घट्ट मिटलेली आहे. ते हळूच उघडतात.

बल्ब. अजून कोमट.