सोडू नगं
कोईमतूरच्या कारखान्यात ग्रीसचा वास आला की मला नेवाशाचं गॅरेज आठवतं. इथले साहेब आठवणीने माझ्या उजव्या बाजूला येऊन बोलतात. त्यांचे उपकारच आहेत, तरी हे काम जाईल ही धाकधूक रोज असते.

शाळेत मोठ्या पोरांनी मारलं तेव्हा माझा डावा कान गेला, मग शाळाही सुटली. गॅरेजात लागलो. एकदा ट्रॅक्टरचं इंजिन कप्पीवरून साखळीला टांगलेलं होतं आणि साखळीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. मिस्त्री डावीकडून ओरडले, "सोडू नगं!" मला नुसतं "सोड" ऐकू आलं. इंजिन त्यांच्या पायाशी आदळलं.

"बहिरा हायस, तर आधी सांगायचं न्हाई व्हय रं?" ते हळूच म्हणाले. "जा आता घरी."

सांगितलं असतं तर कामावर घेतलंच नसतं, हे दोघांनाही माहीत होतं. तेव्हा वाटलं, चूक माझीच. आता त्या चुकीचं काहीच वाटत नाही.