शिरक्याचा बुधला

"जिला शिरक्यावर नाव लिहून ठेवावं लागतं, त्या बाईनं स्वयंपाकघरात पाऊल टाकू नये," असं सेकोंदीना एकदा म्हणाली होती. तिच्या नणंदेला, इर्माला, ते चांगलंच झोंबलं होतं, कारण ते तिलाच ऐकवलं होतं.

इर्मा तेव्हा नुकतीच वहिनीच्या हाताखाली आली होती. तळघराच्या जिन्याखाली वेताच्या टोपल्यांत बसवलेले काचेचे दोन मोठे बुधले असत. डावीकडच्यात बार्बेरा, रोजच्या जेवणाची वाइन. उजवीकडच्यात त्याच वाइनचा तळ, वर्षानुवर्षं आंबत शिरका झालेला. रंग दोन्हींचा सारखाच, सुकलेल्या रक्तासारखा. इर्मानं एकावर कागद चिकटवला, तर वहिनीनं तो टरकन फाडला. "बूच काढ आणि हुंग. नाक काय नुसतं शिंकरायला दिलंय?"

गावातल्या कामगार मंडळाची ती खाणावळ. चर्चमागची लांबट खोली, चार बाकं, कोळशाची शेगडी. द्राक्षांच्या वेली छाटणारे, ट्रॅक्टरवाले, गवंडी, पोस्टमन, मागे कुणी न राहिलेले म्हातारे, असे सगळे दुपारी तिथं यायचे. खाली अल्बा शहराच्या चौकात कॉफी आणि केकला जेवढे पैसे पडत, तेवढ्यात इथं आधी सूप, मग मांसाचं काहीतरी, पाव आणि पेलाभर वाइन मिळे. स्वस्त आहे म्हणून कसंतरी, हे सेकोंदीनाला मान्य नव्हतं. खाटीक जे कुत्र्यांना टाकायचा ते ती मागून आणायची. कोंबडीच्या काळजांचा रस्सा करून तो शेवयांवर घालायची. वाळका पाव शिरक्यात भिजवून, त्यात हिरवी पानं नि खारवलेली मासळी वाटून अशी चटणी करायची की म्हाताऱ्या बैलाचं उकडलेलं मांससुद्धा माणसं बोटं चाटत खात. चीजच्या कडक साली सूपमध्ये शिजत. त्या कुणाच्या ताटात येतात यावर पैजा लागत.

आणि रोज बात्तिस्ता तिला नावं ठेवायचा. बात्तिस्ता म्हणजे कुत्रा घेऊन रानात ट्रफल हुडकणारा म्हातारा. जमिनीखालची ती वासाची अळंबी विकून इतरांनी घरं बांधली, यानं फक्त कुत्रे पाळले.

"सेकोंदीना, हे सूप आहे की भांडी धुतलेलं पाणी?"

"तुझ्यासाठी वेगळं काढलंय. बाकीच्यांना सूप आहे."

"नवऱ्याला हेच वाढायचीस ना? म्हणून लवकर गेला बिचारा."

"तो सुटला. तू मात्र जात नाहीस."

यावर खोली हसायची, इर्माही हसायची. गेलेला नवरा तिचा सख्खा भाऊ होता, पण बात्तिस्ताच्या तोंडून ते लागत नसे. उलट ज्या दिवशी तो गप्प असे त्या दिवशी सेकोंदीना विचारायची, "कुत्रा मेला का रे?"

मग डोंगरावरच्या एका वाइनवाल्यानं खोली मागितली. परदेशी पाहुण्यांना वाइन चाखवायला त्याला ती हवी होती, आणि भाडं दामदुप्पट द्यायला तयार होता. मंडळाचा अध्यक्ष एव्हासिओ लहानपणी याच खोलीत सेकोंदीनाचं सूप पिऊन वाढलेला. तो तिच्यासमोर टोपी हातात धरून उभा राहिला. "मावशी, तू चुलीपाशी उभी आहेस तोवर खोली कुणाला देणार नाही. पण तुझ्यानंतर..." मळ्यातल्या माणसांचं दुपारचं ताट त्या दिवसापासून सेकोंदीनाच्या दोन पायांवर उभं राहिलं.

हिवाळ्याच्या शेवटी ते पाय तळघराच्या ओल्या पायरीवरून घसरले. डोक्याची मागची बाजू दगडावर आपटली. जखम भरली. आठवड्यातच ती शेगडीशी उभी राहिली, कांदा परतायला घेतला आणि इर्माला म्हणाली, "कांदा कसला आणलास? वासच नाही याला."

कांद्याचा वास रस्त्यापर्यंत गेला होता.

अल्बाच्या डॉक्टरनं सांगितलं, डोक्याला मार बसून वास गेलाय, वासाबरोबर चवही; परत येईल कदाचित, किंवा येणारही नाही. घरी येताना बसमध्ये सेकोंदीना खिडकीबाहेर बघत राहिली. खाली तानारो नदी गढूळ वाहत होती. गावाचा फाटा दिसल्यावर ती म्हणाली, "चव तू बघायची. कुणाला कळता कामा नये."

इर्मा तिची जीभ झाली. पण इर्माची जीभ साधी होती. मीठ कमी, मीठ जास्त, एवढंच तिला कळे. पदार्थ कुठं अडलाय, त्याला काय हवंय, हे कळत नसे. वहिनी तिच्या चेहऱ्याकडे आशेनं बघायची, तेव्हा ती म्हणायची, "बरोबर झालंय." कधी बरोबर असे, कधी नसे. खोली बंद झाली तर इर्मालाही जायला दुसरी जागा नव्हती, आणि आपण वहिनीसाठी खोटं बोलतो की स्वतःसाठी, हे तिचं तिलाच कळत नसे. शिरक्याच्या बुधल्याला एक दोरा बांधावा असं तिला कितीदा वाटलं. पण वहिनीनं तो दोरा पाहिला असता. डावा वाइनचा, उजवा शिरक्याचा, हे वहिनीला हातानं माहीत होतं. तेवढं पुरे होतं.

पानं पिवळी पडायला लागली तेव्हा बात्तिस्ता दरवर्षीसारखा आला. कुदळीनं तुटलेला ट्रफल बाजारात कुणी घेत नाही. असला तुकडा तो सेकोंदीनाला द्यायचा, आणि त्या दिवशी मळ्यातल्या माणसांना अंड्यांवर ते किसून मिळायचं, जे शहरात फक्त श्रीमंत खातात. त्यानं रुमाल सोडला. सगळी खोली त्या वासानं भरली. पोस्टमननं तर टोपीच काढली. सेकोंदीनानं तुकडा नाकाशी नेला, जरा थांबली आणि म्हणाली, "यंदा वास जरा कमीच आहे, नाही?"

सगळ्यांना कळलं. इर्मानं पावाची टोपली उगाच इकडची तिकडं केली.

पहिला सावरला तो बात्तिस्ता. "वास कमी? अगं, तुझ्या रश्श्यानं मेलाय तो!"

"तुझ्या रुमालानं मेलाय. गेल्या वर्षीपासून धुतला नसशील."

आणि त्यानंतर तो रोज आणखी जोरात नावं ठेवू लागला. सूप खारट झालं की म्हणे पाणचट, पाणचट झालं की म्हणे खारट, म्हणजे तिला काहीच खरं कळू नये. इर्माला वाटायचं, गावात इतक्या प्रेमानं कुणी कुणाला शिव्या घातल्या नसतील.

द्राक्षं उतरवून झाली की मंडळाचं मोठं जेवण असे. त्याआधी सदस्यांनी खोलीला चुना मारला, तळघर झाडलं, सामान बाहेर काढून पुन्हा आत लावलं. काम चोख झालं होतं.

त्या जेवणाची सुरुवात ठरलेली. आठवडाभर उरलेलं भाजकं मांस वाटून, पातळ पोळीत भरून, चिमटीनं बंद केलेल्या इवल्याशा आन्योलोत्ती उकडायच्या. वाडग्यात थोड्या गरम गरम घ्यायच्या आणि वरून लाल वाइन ओतायची. हे बसून खात नाहीत. सगळे उभे राहतात आणि स्वयंपाकीण स्वतः बुधल्यातली वाइन सुरईत घेऊन प्रत्येकाच्या वाडग्यात ओतत फिरते. दुसऱ्या कुणी ओतलेली चालत नाही.

इर्मा बेकरीतून पाव घेऊन आली तेव्हा सेकोंदीना शेवटच्या वाडग्यात ओतत होती. दारातच इर्माच्या नाकात वाफ शिरली आणि तिचे डोळे चुरचुरले. बुधले. चुना मारणाऱ्यांनी परत ठेवताना अदलाबदल केली होती. डावा, उजवा हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

ओरडावं, असं तिला वाटलं. पण एव्हासिओ समोरच उभा होता, हातात वाडगा घेऊन.

बात्तिस्तानं वाडगा तोंडाला लावला. त्याच्या गळ्याची शीर ताठ झाली. तो प्यायला, तळापर्यंत. मग गवंडी प्यायला, पोस्टमन प्यायला. एव्हासिओनं एक घोट घेऊन वाडगा खाली ठेवला, बात्तिस्ताकडे पाहिलं, आणि पुन्हा उचलून रिकामा केला. डोळे सगळ्यांचेच पाणावले होते. नेहमी या घटकेला खोलीत नुसता कल्ला असायचा. आता वाडगे बाकावर ठेवल्याचे आवाज तेवढे आले.

सेकोंदीना रिकामी सुरई घेऊन उभी होती. ती वाट बघत होती. तिनं बात्तिस्ताकडे पाहिलं.

बात्तिस्तानं तोंड पुसलं. त्याला काहीतरी वाईट बोलायला हवं होतं, रोजच्यासारखं, कसलंही. पण घसा भाजलेला होता आणि त्याला दुसरं सुचलं नाही.

"फार छान झालंय, सेकोंदीना," तो म्हणाला.

तिचा चेहरा हळूहळू विझला. आयुष्यात त्यानं तिला छान म्हटलं नव्हतं. तिनं एकेकाकडे पाहिलं. प्रत्येकजण दुसरीकडे बघू लागला. सुरई तिनं नाकाशी नेली नाही. नेऊन उपयोग नव्हता.

"मावशी," एव्हासिओ म्हणाला, "अगं, आम्ही..."

ती आत गेली. इर्मा मागोमाग. "वहिनी, ऐक ना, त्यांना काही वाटलं नाही. सगळ्यांनी संपवलं बघ."

सेकोंदीनानं भिंतीवरची काळी पाटी काढली. तिच्यावर सकाळी तिनं त्या दिवसाचं जेवण लिहिलं होतं, वळणदार अक्षरात. बाहीनं तिनं ते सगळं पुसलं. खडू घेतला, मोठ्या अक्षरात 'शिरका' एवढंच लिहिलं, तळघराच्या जिन्याखाली वाकून, ज्यातून सुरई भरली होती त्या डावीकडच्या बुधल्याला पाटी टेकवून ठेवली, आणि ती नीट उभी राहते का हे एकदा पाहिलं.

मग एप्रन खिळ्याला अडकवला. कोट चढवला. शेगडीवरचं मांस अजून रटरटत होतं. इर्मानं नकळत ते ढवळायला घेतलं.

बाहेरच्या खोलीत कुणीही बसलं नव्हतं. बात्तिस्ता वाटेतून बाजूला झाला, त्यानं टोपी काढून छातीशी धरली. ती त्या सगळ्यांच्या मधून चालत गेली, दार उघडलं, आणि बाहेर पडली.