अध्यक्षांच्या नावाचं लायसन

आमच्या संघटनेनं आयुष्यात एकदाच सॉफ्टवेअरचं लायसन विकत घेतलं, आणि ते जो माणूस कॉम्प्युटरला हात लावत नव्हता त्याच्यासाठी घेतलं.

कचेरी भोरच्या एसटी स्टँडमागं, पिठाच्या गिरणीवर. धरणात जमिनी चाललेल्या भोर-वेल्ह्याच्या वाड्यांसाठी आम्ही भांडत होतो. मी पत्रकं लिहायचो, आपा टाइप करायची. आपा भोरमधलीच, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, कचेरीतली एकमेव पगारी. तिनं टाइप केलेल्या मराठीत चूक निघाली तर ती माझी असायची. पुण्याच्या एका संस्थेनं दोन कॉम्प्युटर दिले होते. एक आपापुढं, दुसरा अध्यक्षांच्या केबिनमध्ये, प्लॅस्टिकच्या झाकणाखाली. दोन्हींवर सगळं चोरीचं. मग संस्थेचं पत्र आलं: लायसनचं सॉफ्टवेअर घ्या, नाहीतर मशीन परत करा.

पुण्याहून विक्रेता आला. गुळगुळीत माणूस. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, सोबत अंगठ्याएवढा एक ठोकळा. त्याला तो 'लॉक' म्हणायचा. मशीनच्या मागं खोचला तरच मराठी उमटणार. एका मशीनचं लायसन घ्या, नाहीतर दोन मशीनचं.

आपानं वहीच्या पानावर लिहून आणलं होतं, कोण काय टाइप करतं, कुठल्या मशीनवर, आठवड्यात किती वेळ. अध्यक्षांच्या नावापुढं तिनं रेघ मारली होती. "दोन मशीनचं घ्या," ती म्हणाली. "न्हाईतर एकच घ्या, पण माझ्या मशीनला. आणि कागद संघटनेच्या नावानं करा."

अध्यक्षांनी ते पान उलटं ठेवलं. "घराला रेशनकार्डं किती असतात? एक. कुणाच्या नावावर? कर्त्याच्या. मग हितं दोन कशाला?"

सगळे हसले. विक्रेता सगळ्यांत जास्त हसला. आमच्याकडं फोन अध्यक्षांच्या नावावर, गॅस अध्यक्षांच्या नावावर, भाडेकरारही त्यांच्याच नावावर. लायसनही तसंच झालं, आणि लॉक त्यांच्या मशीनला बसला. आपाच्या मशीनवरचं चोरीचं सॉफ्टवेअर विक्रेत्यानं तिच्यादेखत पुसलं. ती पगारी, म्हणून तिला मत नव्हतं. मला होतं. सरकारच्या एकाधिकाराविरुद्ध पत्रकं काढणारा मी, मी हात वर केला. भूक लागली होती आणि मीटिंग संपवायची होती. दुसरं कारण नाही.

त्यानंतर आपा रोज केबिनमध्ये बसून टाइप करायची. अध्यक्ष आले की उठायची, गेले की बसायची.

वेल्ह्याकडच्या एका वाडीतल्या एकोणीस घरांना जमिनीच्या नोटिसा आल्या. हरकती प्रांत कचेरीत शुक्रवारी पाचच्या आत द्यायच्या होत्या. आपानं गुरुवारी एकोणीस अर्ज टाइप करून ठेवले. सकाळी छापायचे, सह्या-अंगठे घ्यायचे, बास. सकाळी केबिनला कुलूप. अध्यक्ष पुण्याला साखरपुड्याला, किल्ली त्यांच्या खिशात, मोबाईल बंद.

वाडीची माणसं पहिल्या एसटीनं येऊन जिन्यात बसली होती. मी गिरणीवाल्याकडून पहार आणली.

आपा दारात आडवी उभी राहिली. "ठेव ती."

"आपा, पाच वाजेपर्यंतच मुदत आहे!"

"तू फोडशील आणि पत्रक काढशील. गावात काय बोलतील? मुसलमानाच्या बाईनं कुलूप फोडलं. काढशील त्याचं पत्रक?"

मी पहार ठेवली.

मग हातानं. प्रांत कचेरीबाहेरच्या टाइपरायटरवाल्यापुढं आधीच रांग होती. आपानं सातबारे पसरले, गट नंबर ती सांगायची, मी लिहायचो. माझं अक्षर बिघडलं की ती पेन हिसकावून घ्यायची. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "आतल्या पेटीत लिवलंय म्हनता, मग भाईर का येत न्हाई?" आपानं पुढचा गट नंबर सांगितला. पाचला पाच कमी असताना चौदा अर्ज घेऊन मी धावलो. कारकुनानं चौदा घेतले, आवक रजिस्टर मिटलं. पाच राहिले.

शनिवारी अध्यक्ष पेढे घेऊन आले. हकीकत ऐकली. "हातानं लिहिलंत? मग कॉम्प्युटर घेतलाय कशाला?"

आपानं पेढा घेतला नाही. पदर खोचला, आपला डबा आणि टायपिंगचा तक्ता पिशवीत टाकला, जिना उतरली. पुन्हा आली नाही. अध्यक्ष मला म्हणाले, "पगारी माणसाला तळमळ नसते रे."

तेव्हा मी त्यांना जे बोललो ते पत्रकातही छापता येणार नाही.

राहिलेली पाच घरं मीच गाठली. एका घरातल्या बाईनं पाणी दिलं आणि माझ्यासमोर उकिडवी बसली. "आमी बी त्याच जिन्यात व्हतो. सकाळधरनं. मंग आमचंच कसं ऱ्हायलं?"

"तुमचा सातबारा ढिगात खाली होता," मी म्हणालो. खरं तेवढंच होतं.

"मंग मला सांगायचं व्हतंस," ती म्हणाली. "म्या वर काडून ठिवला असता."

सोमवारी पाचही अर्ज नेऊन दिले. कारकुनानं वाचले नाहीत. प्रत्येकावर 'मुदतीनंतर प्राप्त' असा शिक्का मारला आणि पोच माझ्यापुढं सरकवली.