आधी आपण गिळायची

सॅम्पलभाई स्वतः गिळल्याशिवाय कोणतंही औषध डॉक्टरांपुढे ठेवत नसत. कंपनीची गोळी घेऊन ते केबिनमध्ये बसायचे, पाकीट फोडायचे, डॉक्टरांच्याच टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलायचे आणि त्यांच्यादेखत गोळी गटकन गिळायचे. मग रुमालानं ओठ टिपून म्हणायचे, "हं सर, आता बोलतो." हिंगोली जिल्ह्यातल्या डॉक्टरमंडळींना याचं भारी कौतुक. औंढ्याचे एक म्हातारे डॉक्टर तर भाई दारात दिसले की 'या' म्हणायच्या आधी ग्लास पुढे सरकवायचे. पहिल्या दिवशी मलाही हसू आलं होतं. नंतर नंतर टेबलाच्या काचेवरून तो ग्लास सरकला की मी दुसरीकडे बघायचो.

हिंगोलीचा जिल्हा नुकताच झाला होता तेव्हाची गोष्ट. मी नांदेडला एमबीए करत होतो. "मॅनेजमेंट शिकून तू नेमकं काय सांभाळणार हायस?" असं वडील दर सुट्टीत विचारायचे आणि मी दर सुट्टीत निराळं उत्तर द्यायचो. खरं उत्तर असं होतं की मला औषध कंपनीत एमआर, म्हणजे डॉक्टरांकडे फिरणारा प्रतिनिधी, व्हायचं होतं, आणि त्याला कारण होतं टाय आणि चामड्याची बॅग. कॉलेजनं उन्हाळ्यात प्रकल्प दिला, जुन्या एमआरबरोबर फिरून या म्हणून. औषधांच्या ठोक दुकानदारानं भाईंचं नाव सांगितलं. खरं नाव मी लिहीत नाही, पण आमच्याकडचे जाणते ओळखतील. वसमतचे राहणारे, वडील शिंपी. भाईंच्या पँटची इस्त्री कधी मोडलेली मी पाहिली नाही.

"काहून आलास रे लेकरा ह्या लाइनीत?" त्यांनी पहिल्याच सकाळी विचारलं. मी पुस्तकातलं मार्केटिंग झाडून सगळं म्हणून दाखवलं. त्यांनी मान डोलावत शेवटपर्यंत ऐकलं. "बराबर हाय," ते म्हणाले. "आता गाडीवर बस."

त्यांचं दुसरं एक तत्त्व होतं. "आधी तोटे सांगायचे, मंग फायदे. डॉक्टर लोकाला तोटा सांगणारा माणूस भेटत न्हाई. भेटला की ते त्याला सोडत न्हाईत." कंपनीच्या चकचकीत माहितीपत्रकाच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात जे छापलेलं असतं, ते सगळं भाईंना तोंडपाठ होतं. त्या वर्षी कंपनीनं अंगदुखीची एक नवी गोळी काढली होती. तिचे तोटे सांगताना भाई एका दमात म्हणायचे की पोटात जळजळ होऊ शकते, चक्कर येऊ शकते, बरेच दिवस घेतली तर मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो. हे शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून दिवसभर, दवाखान्यामागून दवाखान्यात बाहेर पडायचं. आणि ते म्हणण्याआधी गोळी गिळून झालेली असायची.

त्यात त्यांची पाठ. आयुष्य मोटारसायकलवर गेलेलं, आणि रस्ते आमच्याकडचे. जवळा बाजारच्या रस्त्याला खड्डे चुकवता चुकवता ते मधूनच "या अल्ला" म्हणायचे आणि मी मागे बसून कसनुसा व्हायचो. घरून निघतानाच त्यांनी एक गोळी घेतलेली असायची. "ती पाठीची," ते सांगायचे. "केबिनमधल्या नोकरीच्या." जणू काही आत गेल्यावर गोळ्यांनाही हे वेगवेगळं कळणार होतं.

त्यांचे बूट आधी मी बघितले ते कौतुकानं. प्रत्येक दवाखान्याच्या पायरीवर बॅगेतलं फडकं काढून पुसलेले, आरशासारखे. नंतर बघितलं की नाड्या सैल आहेत. मग एक दिवस ते आपल्या मापापेक्षा मोठे बूट घालून आले. वसमतला त्यांच्या घरी जेवायला गेलो तेव्हा भाई हात धुवायला उठले आणि भाभीनं हळूच एक मोजा दाखवला. वरचं रबर कात्रीनं कापून काढलेलं. "रोज कापून देते," ती म्हणाली. "तरी बी पायात रुततंय. तू सांग बाबा, माझं ऐकत न्हाईत." भाईंचा चेहरा सकाळी सुजलेला असायचा आणि ताटातलं मटण त्यांनी नुसतं इकडचं तिकडे केलं होतं. मी डॉक्टर नव्हतो, पण ते माहितीपत्रक आता मलाही पाठ झालं होतं.

जवळा बाजारला आठवडी बाजाराच्या दिवशी चहा पिता पिता मी विषय काढला. "भाई, एवढे डॉक्टर तुमच्या ओळखीचे. एकाला पाय दाखवा ना."

ते माझ्यावर चिडले, ते एवढ्या एकाच वेळी. "अरे येड्या, ज्या खुर्चीत बसून मी औषध सांगतो, तिच्यातच पेशंट म्हणून बसू? उद्या माझं कोण ऐकंल? बिमार माणसाच्या सांगण्यावरनं कोण औषध लिहितं?"

"मग दुसऱ्या गावच्या डॉक्टरला दाखवा."

"दुसऱ्या गावचा बी माझाच हाय," ते म्हणाले. ते खरंही होतं. औंढा, कळमनुरी, हिंगोली, नांदेडपर्यंत असा एक डॉक्टर नव्हता ज्याच्यापुढे भाईंनी गोळी गिळली नव्हती. ज्या माणसाच्या ओळखीत सगळे डॉक्टर, त्याला दाखवायला एकही नव्हता. "ईद होऊ दे, नांदेडला जाऊन येतो," म्हणत त्यांनी चहाचा कप उलटा ठेवला आणि उठताना टेबलाचा आधार घेतला.

मग कुरुंदा आलं. तिथे एका तरुण डॉक्टरनं नवाच दवाखाना टाकला होता. रंगाचा वास जायचा होता आणि टेबल अजून सुताराकडेच होतं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या समोरासमोर टाकून आम्ही बसलो. भाईंनी पाणी मागितलं, गोळी गिळली, ओठ टिपले. डॉक्टर हसला नाही. त्याला ही गंमत माहीतच नव्हती. तो भाईंच्या पायांकडे बघत होता.

खुर्चीवरून वाकून त्यानं मोजा खाली केला आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला.

"ही गोळी तुम्ही रोज घेता?"

"सर, मी कॉलला आलोय, औषध सांगायला," भाई म्हणाले.

"लघवी कमी होते का?"

भाईंनी बॅग माझ्याकडे सरकवली. "ह्याला सांगू द्या सर. शिकून राहिलाय." डॉक्टर कागद ओढून रक्ताच्या तपासण्या लिहायला लागला आणि मी माझ्या आयुष्यातला पहिला कॉल सुरू केला. पोटात जळजळ, चक्कर. पुढचं वाक्य येईना.

"थांबू नको," भाई म्हणाले. मी ते म्हटलं. म्हणताना मला रडू येत होतं.

तपासण्यांत जे निघायचं होतं तेच निघालं. दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ गेलेली. मग नांदेडचं हॉस्पिटल, रक्त धुणारं ते मशीन आणि त्याच्या शेजारी स्टुलावर बसलेली भाभी. मी भेटायला जायचो तेव्हा भाई सलाईनच्या बाटलीवरचं कंपनीचं नाव वाचत असायचे. माझा शेवटचा पेपर झाला आणि त्यांच्याच कंपनीनं मला घेतलं, त्यांचाच इलाका देऊन. सांगायला जीभ उचलत नव्हती. त्यांना आधीच कळलेलं होतं.

"धर नोकरी. बराबर धर," ते म्हणाले. "औंढ्याच्या सायबाला सकाळी भेट. दुपारी चिडतेत."

"भाई, आधी आपण गिळायची, त्याचं काय करू?"

ते मशीनकडे बघत म्हणाले, "ते सोड. ते माझ्यासंगं जाऊ दे. आन ते मूत्रपिंडाचं वाक्य हाय ना, ते हळू म्हण. मी लई भरभर म्हणायचो."

ईद त्यांना दिसली नाही.

मला अजून राग येतो. एवढी शिकलेली माणसं, रोज समोर बसायची, टाळ्या द्यायची, आणि कुणालाही टेबलाखाली वाकून बघावंसं वाटलं नाही. पण भाईंचा राग मला करता येत नाही. ते कुणाशी खोटं बोलले नव्हते. ते एवढं खरं बोलायचे की त्यांना स्वतःलाच ते ऐकू येईनासं झालं होतं.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी औंढ्याला गेलो, सकाळीच. तेच टेबल, तीच काच. म्हाताऱ्या डॉक्टरांनी माझा टाय बघितला आणि सवयीनं ग्लास पुढे सरकवला. मी हात मांडीवरच ठेवले. जळजळ सांगितली, चक्कर सांगितली. मग ते वाक्य एकेक शब्द सुटा करत म्हटलं.

बाहेर पेशंट खोकत होते. "माहीत आहे हो ते, पुढे बोला," डॉक्टर म्हणाले.

मी पुढे बोललो नाही. तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आणखी हळू. त्यांनी वर बघितलं, भाई बसायचे त्या खुर्चीकडे बघितलं. मग हात लांब करून त्यांनी ग्लास परत आपल्याकडे ओढून घेतला.